घोड्यांचा मुक्काम

परळ-लालबागच्या माणसाला घोड्याची संगत घडते ती बहुधा माथेरानला. तिथे मोटारींना बंदी, म्हणून दस्तुरी नाक्यापासून घोडा. पण तासाभराच्या रपेटीत त्याच्या पोटाचा विचार कोण करतो? घोड्यांसह मुक्काम करायचा तर पहिला प्रश्न तंबूचा नसून वैरणीचा असतो.

शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार-हवालदारांना, १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास, लिहिलेले पत्र या दृष्टीने वाचावे. लष्कराला पावसाळा तिथेच काढायचा होता. साठविलेला दाणा नि वैरण आताच उधळाल, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे महाराज बजावतात. मग लोक कुणब्यांच्या घरांतून दाणे, भाकर, गवत, लाकडे नेऊ लागतील, आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील! म्हणून रोज नेमलेले तेवढेच घ्यावे, लागेल ते बाजारातून विकत आणावे. गवताच्या गंजीजवळ चूल नको, तमाखू नको. रात्री दिवा ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल. हजेरी-पगाराचे कागद मी जन्मभर चाळले, पण धन्याने इतक्या बारकाईने लिहिलेला कागद क्वचितच पाहिला.

हौसेच्या मुक्कामालाही असे नियम लागतातच. अमेरिकेतील कित्येक उद्यानांत तणाचे बी नसलेली वैरण ज्याची त्याने आणायची असते. घोडा बुंध्याला न बांधता दोन झाडांमधल्या उंच दोरीला बांधतात, कारण टापांनी मुळे उघडी पडतात. रानातले गवत चारायलाही पुष्कळ ठिकाणी मनाई आहे.