बॉनेटवरचं कुंकू

पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांमागे, एका पत्र्याच्या शेडमध्ये, गेले चार महिने एक डुक्कर फियाट उभी आहे. हे नाव रस्त्याने ठेवलेलं. कागदोपत्री ती फियाट ११००. बुटकी, गुबगुबीत, पुढची दारं उलटी उघडणारी. रंग एकेकाळी आकाशी असावा. आता टपावर तो खडूसारखा पांढुरका झालाय, मुठींभोवती हात लागून लागून खालचा लाल प्रायमर उघडा पडलाय आणि बॉनेटच्या मधोमध एक पुसट तांबूस स्वस्तिक दिसतं. कित्येक दसऱ्यांचं कुंकू तेलासकट रंगात मुरलंय.

संपादकांना या लेखासाठी जुन्या गाड्यांच्या रॅलीतल्या, आरशासारख्या चकचकीत गाड्या हव्या होत्या. मी त्या पाहिल्या, फोटोही काढले. लिहायला बसले तेव्हा मात्र एकही आठवेना.

शेडमधले मिस्त्री साठी उलटलेले. उमेदीची वर्षं मुंबईत टॅक्सीच्या पत्राकामात गेली. "दर पासिंगला रंग, ताई. आतून सडलेली का असेना, वरून काळी-पिवळी चकाचक पाहिजे. खड्ड्यात लांबी भरायची, घासायची, स्प्रे मारायचा. संध्याकाळी गाडी बाहेर." मूळ रंगातली गाडी आपल्याकडे का सापडत नाही, याचं उत्तर त्यांच्या या चार वाक्यांत आलं. पासिंगला रंग, लग्नाला रंग, विकताना तर हमखास रंग. ही फियाट वाचली ती पहिल्या मालकाच्या चिकटपणामुळे. त्यांचा नातू ती घेऊन आला तेव्हा मिस्त्रींनी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक सगळ्या अंगावरून फिरवलं. लांबी जाड असेल तिथे चुंबक धरत नाही. डाव्या मागच्या मडगार्डावरचा तळहाताएवढा भाग सोडला तर ते सगळीकडे चिकटलं.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो कुठेही वाचायला मिळतो. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ची. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० आली १९५४मध्ये. याच घराण्यातली पुढची प्रीमियर पद्मिनी मुंबईची टॅक्सी झाली आणि २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाने, 'फिवा'ने, २०१२च्या ट्युरिन सनदेत आधी जतन, मग डागडुजी, नव्यासारखं करणं सगळ्यात शेवटी, असा क्रम लावला. मिस्त्रींनी ती सनद वाचलेली नाही. त्यांना नातवाने एवढंच सांगितलं, "आजोबांची गाडी आजोबांचीच दिसली पाहिजे."

या मुरलेल्या रूपाला इंग्रजाळलेले हौशी लोक पॅटिना म्हणतात. मिस्त्री म्हणतात, 'वय'. "वय ठेवायचंय, आजार काढायचाय."

उजव्या दरवाज्याला एक पोचा होता. त्यावर त्यांनी अख्खी दुपार घालवली आणि मी स्टुलावर बसून पाहिलं. दाराचं आतलं पॅड काढलं. पोच्याभोवतीचा रंग हेअर ड्रायरने कोमट केला. जुना रंग कडक झालेला असतो, गार असताना ठोकला तर काचेसारखा तडकतो. मग आतून लाकडी दांड्याने दाब, बाहेरून तळहात. हातोडीला हात नाही. कडेची घडी आधी, खोलगट मध्य नंतर. "जो शेवटी आत गेला, तो पहिल्यांदा बाहेर आला पाहिजे." पत्र्याला त्या धक्क्याचा क्रम आठवत असल्यासारखं ते बोलत होते, आणि खरोखरच पोचा उलट्या क्रमाने उलगडत गेला. शेवटी नखाएवढी खोल जागा उरली. मी म्हटलं, अजून थोडं? त्यांनी दांडा खाली ठेवला. "आता रंग तुटेल."

धुलाईही तशीच जपून. पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं. रबिंग कंपाउंडला मज्जाव, कारण ते चमक आणतं ती रंगाचा वरचा थर खरवडूनच. जुन्या रंगावर पारदर्शक कोट नसतो. नुसतं पॉलिश चोळलं तरी फडकं निळं होतं. प्रत्येक निळ्या फडक्यागणिक गाडीवरचा रंग तेवढा कमी झालेला असतो. थिनरचा बोळा आधी डिकीच्या झाकणाखाली लावून पाहिला. रंग विरघळला असता तर कुठलाही नवा हात त्याच्यावर मारणं धोक्याचं होतं. विरघळला नाही. मिस्त्रींनी तेव्हा चहा मागवला.

पण खरं दुखणं खाली होतं. या फियाटला वेगळी चासी नाही. अंग हाच सांगाडा. दारांखालची पेटीसारखी पट्टी गाडीचा भार पेलते, आणि डाव्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत घुसला. टपावरचा पांढुरकेपणा वय आहे, हा आजार. कापायलाच हवं. नुसतं कापलं तर गाडी मधोमध बसते आणि दारं पुन्हा लागत नाहीत. म्हणून आधी खालून ठोकळे, आतून लोखंडी पाइपांचे आडवे टेकू, दाराच्या फटी मोजून खडूने भिंतीवर लिहिलेल्या.

मग उष्णता. मिस्त्रींचा आयुष्यभराचा सोबती गॅस वेल्डिंगचा टॉर्च इथे शत्रू. त्याने वरचा रंग हातभर जळला असता. शेजारच्या शेडमधून आर्गन वेल्डिंगवाला पोरगा बोलावला. एक टाका, मग ओलं फडकं, मग थांबायचं. दुसरा टाका हातभर लांब, की एका जागी ताप साठू नये. एका पट्टीला तीन दिवस. तरी दोन ठिकाणी रंगाला बोटभर फोड आला. त्या संध्याकाळी मिस्त्री कुणाशी बोलले नाहीत.

नव्या पत्र्याला रंग कुठला, हा पुढचा घोळ. डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडलेला मूळ आकाशी बाहेर लावला तर ठिगळ वाटतो, कारण बाहेरच्या उन्हाने दारागणिक वेगळी छटा केलीय. डाव्या बाजूचं ऊन वेगळं, उजव्या बाजूचं वेगळं. मिस्त्रींनी सात डब्या केल्या, सातही पत्र्याच्या तुकड्यांवर सुकवून दारापाशी धरल्या. सकाळी जुळणारी दुपारी जुळत नव्हती. शेवटी पाचवी डबी, आणि हात ब्रशचा, स्प्रेचा नाही. वाकून पाहिलं तर जोड कळतो. तो कळावा, असं नातवाचं म्हणणं. मिस्त्रींना ते अजून पटलेलं नाही. जोड दिसणं म्हणजे कारागिराची नाचक्की, असं त्यांच्या उस्तादांनी शिकवलेलं. मला दोघांचंही पटतं, आणि इथे काही मध्यम मार्ग असेल असं वाटत नाही.

आणखी एक काळजी आहे. २०२१च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, सांगाड्यात मोठा बदल न झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदता येते, नव्याने नोंदलेल्या गाडीला नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. पट्टी बदलली म्हणजे सांगाडा दुरुस्त झाला की बदलला? नातवाने कापलेल्या सडक्या पट्टीचे तुकडे पिशवीत भरून ठेवलेत, फोटोंसकट.

पावसाआधी पट्टीच्या पोकळीत मेण सोडायचंय. उघड्या प्रायमरवर पातळ मेणाचा हात, दर दोन महिन्यांनी. कोकणात न्यायची नाही, निदान जुलैत.

मी निघताना नातवाने विचारलं, यंदा दसऱ्याला पूजा करायची तर? मिस्त्रींनी बॉनेटकडे पाहिलं. "हळद-कुंकू काचेला लावा. नारळ खाली फरशीवर फोडा. आणि आजीला सांगा, तेल नको."

"आजी ऐकणार नाही," तो म्हणाला.

"मग लावू दे," मिस्त्री म्हणाले, "त्याच स्वस्तिकावर."