मोहाडीच्या थंडीत पाणी तापवताना
भंडारा जिल्ह्यातील मोहाडी परिसरात उन्हाळा कडक असला, तरी डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आंघोळीला गरम पाणी लागतेच. सरपण घरचे असेल तिथे ते आजही चुलीवरच्या गंजात तापते. विजेवरील साठवण गिझर, म्हणजे टाकीतील पाणी तापवून ठेवणारे उपकरण, घेताना हिशेब सोपा आहे: 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यास सुमारे 1.2 युनिट वीज लागते, म्हणून 2 किलोवॉटच्या गिझरला 35 मिनिटे पुरतात व तो दिवसभर सुरू ठेवणे ही निव्वळ उधळपट्टी ठरते. सौरबंबात, अर्थात छतावरील निर्वात काचनळ्यांनी ऊन शोषून पाणी तापवणाऱ्या यंत्रणेत, इंधनखर्च उरत नाही. मात्र नळ्यांचे तोंड दक्षिणेकडे हवे, आणि बोअरचे पाणी जड असल्यास आत क्षाराचे थर साचतात. गॅस गिझर झटपट पाणी देतो खरा, पण कोंदट न्हाणीघरात त्यातून गंधहीन, प्राणघातक कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो, त्यामुळे तो बाहेर मोकळ्या हवेतच बसवावा. स्वतःचे छत असलेल्या घराला सौरबंबच किफायतशीर. भाडेकरूने मात्र आयएसआय चिन्हाचा छोटा गिझर घ्यावा आणि आधी अर्थिंग तपासून घ्यावे.