सातबारा संगणकात, फेरफार माणसाच्या हातात

सरकारी कार्यालयातली लाच ढोबळमानाने दोन तऱ्हांची असते. नियमात न बसणारे काम करून घेण्यासाठी दिली जाते ती एक आणि नियमात बसणारे, हक्काचेच काम वेळेत व्हावे म्हणून द्यावी लागते ती दुसरी. सामान्य माणसाची गाठ बहुधा दुसरीशी पडते. उतारा त्याच्याच जमिनीचा असतो, फी ठरलेली असते, तरीही चहापाणी झाल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ रॉबर्ट क्लिटगार्ड यांनी १९८८ सालच्या ‘कंट्रोलिंग करप्शन’ या पुस्तकात भ्रष्टाचाराचे समीकरण मांडले: मक्तेदारी अधिक मर्जीचा अधिकार वजा जबाबदारी. संगणक या तिन्हींपैकी नेमके काय बदलतो, हे पाहायचे तर जमिनीच्या कागदपत्रांइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणार नाही.

गावच्या महसुली दप्तरात एक ते एकवीस क्रमांकांचे नमुने असतात. नमुना सातमध्ये जमीन कोणाची, त्यावर कोणाचा हक्क वा बोजा याची नोंद, तर नमुना बारामध्ये पिकांची. दोन्ही मिळून सातबारा. मालकी बदलली की आधी नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद होते आणि ती मंजूर झाल्यावर सातबाऱ्यावर नाव चढते. पीककर्ज, जामीन, भरपाई, खरेदी-विक्री, भावकीतला कज्जा, सगळे या कागदावर येऊन थांबते. आणि हे सारे दप्तर अनेक वर्षे एका माणसाच्या, म्हणजे तलाठ्याच्या, ताब्यात होते. एका सज्जात अनेक गावे, त्यामुळे ‘भाऊसाहेब’ आज कुठल्या गावी भेटतील हे शोधण्यातच शेतकऱ्याचा दिवस जाई. उतारा हाताने लिहून मिळे. मूळ नोंदवहीत खाडाखोड झाली तरी ती पडताळायला दुसरी प्रत सहजी हाती लागत नसे. क्लिटगार्ड यांच्या समीकरणातली मक्तेदारी इथे शब्दशः एका कपाटात बंद होती.

हे कपाट मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा उघडले ते कर्नाटकात. २००१ पासून तिथे ‘भूमी’ प्रकल्प सुरू झाला. सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या जवळपास दोन कोटी नोंदी संगणकात घातल्या गेल्या आणि १७७ तालुक्यांच्या ठिकाणी उतारा देणाऱ्या खिडक्या उघडल्या. फी १५ रुपये. खिडकीवर एक जादा पडदा शेतकऱ्याच्या बाजूला वळवून ठेवला होता, म्हणजे कारकून काय पाहतो आहे ते त्यालाही दिसावे. त्याहून महत्त्वाच्या तीन गोष्टी मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या होत्या. हस्तलिखित उतारे कायद्याने बाद ठरवले, त्यामुळे जुना रस्ताच बंद झाला. प्रणालीत शिरायला कर्मचाऱ्याला बोटाचा ठसा द्यावा लागे, त्यामुळे ‘ही नोंद मी केली नाही’ म्हणण्याची सोय उरली नाही. आणि फेरफाराचे अर्ज आलेल्या क्रमानेच निकाली काढायचे बंधन प्रणालीने घातले.

यातली तिसरी गोष्ट सर्वांत परिणामकारक म्हणावी लागेल. हक्काच्या कामासाठी लाच मागणारा माणूस खरे तर रांगेतला नंबर विकत असतो. नंबर बदलणेच शक्य नसेल तर विकायला काही राहत नाही. बंगळूरच्या पब्लिक अफेअर्स सेंटरने २००२ मध्ये केलेल्या पाहणीत जुन्या पद्धतीने उतारा घेणाऱ्यांपैकी ६६ टक्के लोकांनी लाच दिल्याचे सांगितले, तर भूमीच्या खिडकीवर हेच प्रमाण ३ टक्के निघाले. कौतुक खूप झाले. पुढे २००७ मध्ये सॉलोमन बेंजामिन आणि सहकाऱ्यांनी दुसरी बाजू दाखवली: गावातला छोटा व्यवहार तालुक्याच्या कचेरीत सरकला, तिथला भाव वाढला, आणि सगळ्या नोंदी एका जागी आल्याने शहरालगतच्या जमिनी हेरणाऱ्या बड्यांची सोय झाली. ही टीका भूमीच्या गौरवपर लेखांत क्वचितच दिसते, पण ती वाचल्याखेरीज चित्र पुरे होत नाही.

महाराष्ट्राचा प्रवास अधिक रेंगाळत झाला. इथे सातबाऱ्यांची संख्या अडीच कोटींच्या आसपास. हस्तलिखितावरून टंकताना नावे चुकली, क्षेत्राची बेरीज जमेना, खातेदारांचे हिस्से इकडचे तिकडे झाले. या चुका निस्तरण्यासाठी २०१७ मध्ये गावोगाव ‘चावडी वाचन’ घेण्यात आले. तलाठ्याने संगणकीकृत सातबारा ग्रामस्थांसमोर मोठ्याने वाचायचा आणि चुकले असेल तर त्यांनी तिथेच सांगायचे. इतक्या खटाटोपाच्या प्रकल्पातला हा सर्वांत साधा आणि बहुधा सर्वांत शहाणा टप्पा होता. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. १५ रुपये ऑनलाइन भरायचे आणि कागद घरी छापायचा. त्यावर क्यूआर कोड आणि पडताळणीचा सोळा अंकी क्रमांक असतो, त्यावरून उतारा खरा की बनावट हे बँकेलाही तपासता येते. उताऱ्यापुरते तरी तलाठ्याकडे घालावे लागणारे हेलपाटे संपले.

मुद्रांकांची गोष्टही अशीच. अब्दुल करीम तेलगीच्या बनावट मुद्रांकांच्या घोटाळ्याने देश हादरला. त्याला २००१ मध्ये अटक झाली आणि २००७ मध्ये तीस वर्षांची शिक्षा. एक गुन्हेगार गजाआड गेला, पण छापील कागदालाच पैशाचे मोल असेल तोवर पुढचा तेलगी येणारच होता. आता मोठ्या व्यवहारांचे मुद्रांक शुल्क ‘ग्रास’ या शासकीय प्रणालीत ऑनलाइन भरतात. दस्त नोंदवताना दुय्यम निबंधक ते चलन ‘डीफेस’ करतात, म्हणजे ते पुन्हा वापरता येत नाही. चलनावर तारीख-वेळ उमटत असल्याने मागच्या तारखेचा स्टॅम्प मिळवून देण्याचा जुना धंदाही या व्यवहारांत बसला. दस्त नोंदणीसाठी ‘सरिता’ ही संगणक प्रणाली आल्यापासून नोंदवलेला दस्त परत मिळण्यासाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागत नाही. मूल्यांकनातली घासाघीस कमी झाली ती मात्र दरवर्षी जाहीर होणाऱ्या रेडी रेकनरच्या दरांमुळे. त्यात मोलाचे काम केले ते दर छापून सर्वांसमोर ठेवण्याने. संगणक हा त्यातला पुढचा सोपस्कार.

उतारा आणि मुद्रांक ही दोन्ही कामे अशी की त्यात अधिकाऱ्याला काही ठरवायचे नसते. फेरफाराचे तसे नाही. खरेदीखत नोंदले गेले की त्याची माहिती आता महसूल खात्याच्या ई-फेरफार प्रणालीत जाते. वारस नोंद, बोजा चढवणे किंवा उतरवणे यांसाठी ‘ई-हक्क’वरून घरबसल्या अर्जही करता येतो. पण नोंद धरल्यावर हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावे लागते आणि मग मंडळ अधिकारी, लोकांच्या बोलीत ‘सर्कल’, कागद तपासून नोंद प्रमाणित करतो किंवा रद्द करतो. हरकत आली तर प्रकरण सुनावणीला जाते. वारसांपैकी एका बहिणीचे नाव वगळले आहे का, तुकडेबंदीचा भंग होतो का, जमीन कूळकायद्याची वा वतनाची आहे का, हे प्रश्न खरेच तपासावे लागतात. त्यासाठी माणूस हवा, आणि माणसाला थोडा अधिकारही हवा. मात्र याच अधिकाराच्या आडोशाने ‘त्रुटी’ निघते, एक कागद कमी पडतो, मग दुसरा. संगणकावर अर्ज ‘प्रलंबित’ दिसत राहतो आणि कार्यालयाबाहेर कोणीतरी भाव सांगतो.

ज्याला गावात ‘झिरो तलाठी’ म्हणतात, तो माणूसही या नव्या व्यवस्थेत टिकून राहिला. सरकारी पटावर नसलेला, तलाठ्याने खासगीत ठेवलेला हा मदतनीस. अधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरीची किल्ली आणि पासवर्ड याच्याच हाती असतील, तर प्रणालीत नोंद अधिकाऱ्याच्या नावाने होते आणि व्यवहार दुसराच करतो. बोटाचा ठसा या ठिकाणी का हवा, ते यावरून कळावे. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ चेही तसेच. लेखनातली चूक दुरुस्त करण्यासाठी हे कलम आहे. संगणकीकरणातल्या चुकांमुळे त्याची गरज वाढली, आणि चुकीच्या दुरुस्तीच्या नावाखाली हक्कच बदलल्याच्या तक्रारी आल्या. वहीतली खाडाखोड निदान डोळ्यांना दिसायची. पडद्यावरच्या बदलाचा माग काढायचा तर कोणी, कधी, कोणत्या आदेशाने काय बदलले याचा इतिहास प्रणालीत राहिला पाहिजे, आणि तो खातेदाराला स्वतः वाचता आला पाहिजे.

मोजणीत रोव्हर आणि उपग्रहाची मदत आली आहे, त्यामुळे साखळी ओढण्याचे दिवस गेले. तरी मोजणीची तारीख कोणाला कधी द्यायची हे कार्यालयातच ठरते. पीक पाहणीत मात्र बदल मुळापासून झाला. २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाइलवर पिकाचा फोटो काढून नोंद करतो. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा ज्याच्या शिवारात रेंज नाही, तो पुन्हा कोणाच्या तरी दारात उभा राहतो, ही गोष्ट वेगळी. ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावर दरपत्रकापेक्षा जास्त पैसे मोजणारेही हेच लोक.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यांत महसूल आणि पोलीस ही दोन खाती सातत्याने वरच्या क्रमांकावर असतात, सातबारा ऑनलाइन झाल्यावरही. क्लिटगार्ड यांच्या समीकरणातली मक्तेदारी संगणकाने बऱ्याच अंशी मोडली, मर्जीला थोडी वेसण घातली. जबाबदारीचा भाग अजून कायद्यावर आणि तो वापरणाऱ्यांवर आहे. महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिली आहे. मुदत टळली तर त्याच खात्यात दोन अपिले आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग अशी वाट आहे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. यासाठी अर्जाची तारीख असलेली पोच हाती असावी लागते. म्हणून अर्ज कुठेही द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका. ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर आपल्या गावच्या फेरफाराच्या नोटिसा अधूनमधून पाहत जा, कारण हरकतीचे पंधरा दिवस कोणासाठी थांबत नाहीत. आणि कोणी पैसे मागितलेच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक फिरवा.