घरी पोचण्याआधी निवडलेली भाजी

संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, बोरिवली गेली की पिशव्या उघडतात. कुणी मटार सोलते, कुणी मेथी निवडते. विरार येईपर्यंत निम्मं काम उरकतं. फोडणीला किती टाकायची, ते मात्र घरी जेवायला कोण आहे हे कळल्यावरच ठरतं. जावा ही संगणकाची भाषा वेगानं चालावी म्हणून झालेल्या खटाटोपातली माझी सर्वांत आवडती कल्पना नेमकी अशीच आहे.

जावाचा प्रोग्राम आधी ‘बाइटकोड’ होतो आणि तो ‘आभासी यंत्र’ नावाचं सॉफ्टवेअर चालवतं. हे यंत्र सुरुवातीला दुभाष्यासारखं एकेक सूचना वाचून अर्थ लावतं. तीच सूचना हजारदा आली तर हजारदा! म्हणून 1999 मध्ये आलेलं ‘हॉटस्पॉट’ हे आभासी यंत्र मोजत राहतं: कोणता भाग सारखा चालतोय? तो ‘तापला’ की त्याचं थेट प्रोसेसरच्या भाषेत भाषांतर करून ठेवतं.

या भाषांतरात अंदाजही बांधलेले असतात. स्टेशनबाहेरचा चहावाला रोजच्या गिऱ्हाइकापुढे न विचारता कटिंग ठेवतो, पण आधी चेहरा बघतो. यंत्रही ‘इथे नेहमी याच प्रकारची वस्तू येते’ असं धरून चालतं आणि दर वेळी खात्री करून घेतं. स्मॉलटॉक भाषेसाठी ही युक्ती डॉइच आणि शिफमन यांनी 1984 मध्येच मांडली होती. हॉटस्पॉटचा अंदाज चुकला, तर ते भाषांतर सोडून पुन्हा दुभाष्याकडे वळतं. माघारीची वाट आहे, म्हणून तर एवढं धाडस करता येतं.

अडचण वेळेची. भाषांतर प्रोग्राम चालू असतानाच करायचं, मग खोलवर विचार कधी करणार? मानस ठाकूर आणि कृष्णा नंदिवाडा यांनी 2019 मध्ये यावर उपाय मांडला. (ठाकूर आता पवईच्या आयआयटीत शिकवतात.) प्रोग्रामचं सखोल विश्लेषण आधीच करून ठेवायचं. तो ज्या यंत्रावर चालेल तिथली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा साठा, कशी असेल ते तेव्हा माहीत नसतं; म्हणून त्या जागी ‘तिथे असं असेल तर असं’ अशा अटी लिहून ठेवायच्या. ऐनवेळी फक्त अटी सोडवायच्या. मटार सोललेला असतोच.

अँड्रॉइडनं याच प्रश्नावर वेगळी वाट काढली. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत अ‍ॅप टाकतानाच सगळ्याचं भाषांतर होई. वेळ जाई, जागाही. 2016 च्या सातव्या आवृत्तीपासून फोन आपला वापर टिपून ठेवतो. पहाटेची लोकल पकडणारा विरारकर फोन चार्जिंगला लावून झोपतो, तेव्हा त्यानं दिवसभर वापरलेल्या भागांचं भाषांतर फोन निवांतपणे करून ठेवतो.