केंद्र नसलेले जाळे आणि समतेचा प्रश्न

केंद्र मोडले की समता आपोआप येते, असा एक समज विकेंद्रीकरणाविषयी बोलताना हटकून आढळतो. संगणकांच्या जाळ्याच्या क्षेत्रात या समजाची कसोटी लागली आहे. तिचा विचार कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी केला पाहिजे.

१९९९ साली अमेरिकेत नॅपस्टर सुरू झाले. गाण्यांच्या फाइली लोकांच्याच संगणकांवर असत. परंतु कोणाकडे काय आहे याची सूची मात्र कंपनीच्या सर्व्हरवर असे. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी दावा लावला आणि न्यायालयाच्या आदेशानंतर जुलै २००१ मध्ये ही सेवा बंद पडली. फाइली लोकांकडेच राहिल्या, पण एकमेकांना शोधण्याची वाट बुजली. सूची ज्याच्या हाती, जाळे त्याच्या हाती, हा त्याचा अर्थ.

ग्नुटेलाने ही सूचीच नाकारली. मार्च २००० मध्ये नलसॉफ्टच्या जस्टिन फ्रँकेल आणि टॉम पेपर यांनी ते प्रसृत केले. मालक कंपनी एओएलने दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. परंतु तोवर ते लोकांच्या हाती पडले होते. इतरांनी त्याचे संदेश तपासून नियम शोधून काढले आणि स्वतःचे क्लायंट, म्हणजे या जाळ्यात शिरण्यासाठी आपल्या संगणकावर चालवायचे प्रोग्रॅम, लिहिले. लाइमवायर, बेअरशेअर, जीटीके-ग्नुटेला ही त्यांतली नावे.

येथे प्रत्येक संगणक देणाराही आणि घेणाराही. आपला प्रश्न शेजाऱ्यांकडे जातो, ते तो पुढच्यांकडे देतात आणि साधारणतः सात टप्प्यांनंतर तो थांबतो. प्रत्येकाला चार शेजारी धरले तर एक प्रश्न जास्तीत जास्त ४,३७२ संगणकांपर्यंत पोहोचतो. उत्तर आल्या वाटेने परतते; फाइल मात्र थेट एकाकडून दुसऱ्याकडे येते.

तत्त्व समतेचे होते, पण साधने समान नव्हती. साध्या टेलिफोन-मोडेमवरचे संगणक इतरांचे प्रश्न वाहतानाच दमून जात. म्हणून क्लायंट लिहिणाऱ्यांनी दोन स्तर केले. वेगवान जोडणी असलेले आणि दीर्घकाळ चालू राहणारे संगणक ‘अल्ट्रापीअर’ झाले, बाकीचे त्यांच्या आश्रयाने ‘पाने’ झाले. म्हणजे पुन्हा उतरंडच आली काय? काही अंशी आली. फरक एवढाच की, हे स्थान कायमचे नाही. एक अल्ट्रापीअर गेला तर दुसरा ते काम घेतो, आणि पान एकाच वेळी अनेकांशी जोडलेले असते.

दुसरी विषमता वागणुकीतली. २००० साली झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील एतान अदार आणि बर्नार्डो ह्यूबरमन यांनी ग्नुटेलाची पाहणी केली. सुमारे ७० टक्के लोक एकही फाइल देत नव्हते आणि जवळजवळ निम्मी उत्तरे वरच्या एक टक्का संगणकांकडून येत होती. उपदेशाने हे बदलत नाही. बदल नियमांत करावा लागतो. ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली आणलेल्या बिटटोरंटमध्ये तो झाला. तेथे फाइलचे तुकडे होतात. आपल्याला देणाऱ्याला क्लायंट प्राधान्याने तुकडे देतो, आणि नवख्याला सुरुवात करता यावी म्हणून अधूनमधून काही न मागताही देतो.

ऑक्टोबर २०१० मध्ये न्यायालयाच्या आदेशाने लाइमवायरचे वाटप थांबले. कलावंताच्या हक्काचा प्रश्न खराच आहे आणि तो केंद्र नसल्याने सुटत नाही. तरीही जाळे त्या दिवशी संपले नाही, कारण नियम खुले होते आणि क्लायंट अनेक होते.

सर्व्हर नाही, एवढ्यावर समाधान मानता येत नाही. नियम कोण लिहितो, ते सर्वांना वाचता येतात काय, दुबळ्या साधनांच्या माणसाला त्यात जागा आहे काय आणि घेणाऱ्यावर देण्याची जबाबदारी आहे काय, हे प्रश्न कोणत्याही विकेंद्रित व्यवस्थेला विचारले पाहिजेत. तिची समता या उत्तरांवरून ठरते.