ताटातला भात तोच, काम मात्र बैठं

पनवेलहून माथेरान रस्त्याला लागलं, सुकापूर मागे टाकलं की नेरे येतं. गाढी नदीच्या खोऱ्यातलं हे भाताचं गाव. राब भाजायचा, चिखलणी करायची, आवण उपटून लावणी करायची, मग कापणी आणि झोडणी, असं इथलं वर्ष जायचं. आता हा भाग नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ या नियोजन क्षेत्रात आला आहे आणि शेतांशेजारी इमारती उभ्या राहत आहेत. ज्या घरांत आजोबांनी नांगर धरला, त्याच घरांतला नातू आज रिक्षा चालवतो, इमारतीच्या गेटवर खुर्ची टाकून बसतो, नाहीतर पनवेलहून हार्बर लोकल पकडून मुंबईच्या ऑफिसात जातो. जाताना सव्वा तासाहून जास्त बैठक, ऑफिसात आठ तास बैठक, येताना पुन्हा तेवढीच. भात मात्र आजोबांच्याच मापाने वाढला जातो.

या बदलाने शरीरात नेमकं काय होतं, ते एका दुपारच्या जेवणापासून पाहू.

डब्यातला भात, आमटी, भाजी खाऊन झाली. भाताच्या पिष्टाचं आतड्यात ग्लुकोज होतं आणि अर्ध्या-पाऊण तासात रक्तातली साखर चढते. ही साखर साठवायची सर्वांत मोठी जागा म्हणजे स्नायू, त्यातही मांड्या आणि पोटऱ्यांचे. स्नायू ती दोन प्रकारे आत घेतात. एक, इन्सुलिनच्या सांगण्यावरून. दुसरा प्रकार कमी लोकांना ठाऊक असतो: स्नायू आकुंचन पावला की साखर आत नेणारी प्रथिनं पेशीच्या आतून पृष्ठभागावर येतात, आणि त्यासाठी इन्सुलिन लागत नाही. जेवून पुन्हा शेतात उतरणाऱ्या माणसाचे दोन्ही मार्ग चालू असायचे. जेवून खुर्चीत बसणाऱ्याचा दुसरा मार्ग जवळजवळ बंद राहतो, आणि सगळा भार इन्सुलिनवर पडतो. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. हे वर्षानुवर्षं चाललं की पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात आणि साखर रक्तातच रेंगाळते. टाइप 2 मधुमेहाकडे जाणारी मोठी वाट हीच.

चरबीचंही असंच आहे. स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर लायपोप्रोटीन लायपेज नावाचं विकर असतं. रक्तातली चरबी फोडून ती स्नायूला इंधन म्हणून देणं हे त्याचं काम. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं, की पाय काही तास हलले नाहीत तरी या विकराचं काम झपाट्याने मंदावतं.

आणि पोटरी. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढायचं तर त्याला ढकलायला कोणीतरी हवं. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो, आतल्या शिरा दाबल्या जातात आणि शिरांतल्या झडपांमुळे रक्त फक्त वरच जातं, विहिरीवरच्या हातपंपासारखं. तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवले की पंप थांबतो, घोटे सुजतात, क्वचित शिरेत गुठळीही होते.

बैठ्या कामाच्या धोक्याचा पहिला ठळक पुरावा लंडनच्या दुमजली बसमधून मिळाला. जेरी मॉरिस या डॉक्टरने 1953 साली बसचालक आणि कंडक्टर यांची तुलना मांडली. नोकरी एकाच खात्यातली, पण चालक दिवसभर बसून आणि कंडक्टर शेकडो पायऱ्या चढत-उतरत. हृदयविकार चालकांत बराच जास्त निघाला. मुंबईच्या दुमजली बेस्टमध्ये तिकिटाची पेटी घेऊन वरखाली करणारा कंडक्टर ज्यांना आठवतो, त्यांना हे समजवावं लागणार नाही.

मात्र माझ्या मते आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा अभ्यास कोलकात्याजवळच्या ताग गिरणीतला आहे. 1956 साली जाँ मेयर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या कामगारांचं खाणं, काम आणि वजन तपासलं. अंगमेहनत करणारे जास्त खात होते, पण त्यांचं वजन आटोक्यात होतं. बैठ्या कामाची माणसं वजनाने जड होती, आणि काम कमी असूनही त्यांचं खाणं कमी झालेलं नव्हतं. हालचाल एका मर्यादेखाली गेली की भूक तिच्या मागोमाग उतरत नाही. नातवाला आजोबांइतकाच भात लागतो, तो हावरटपणा नव्हे. शरीर असंच चालतं.

‘मी तर सडपातळ आहे’ म्हणून कोणी निर्धास्त होऊ नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या अंगातही अनेकदा स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, आणि वजनकाट्याला ते कळत नाही.

मग करायचं किती? जागतिक आरोग्य संघटनेचं 2020 चं मार्गदर्शन असं: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं दम लागेल इतपत चालणं किंवा तत्सम काम, आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावावी लागेल असे व्यायाम. बैठक फारच लांब असेल तर माप वाढतं. दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर 2016 मध्ये झालेल्या विश्लेषणात दिसलं, की दिवसाला आठ तासांहून जास्त बसण्याने वाढणारा मृत्यूचा धोका पुसायला रोज 60 ते 75 मिनिटांची हालचाल लागते. एवढा वेळ प्रत्येकाला निघणार नाही. तेव्हा बैठक मोडणं हाती घ्यावं. 2012 च्या एका छोट्या प्रयोगात स्थूल लोकांना दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं सावकाश चालवलं, तर पेयातून दिलेल्या आहारानंतर साखरेचा चढ सुमारे चतुर्थांशाने कमी झाला.

जुन्या कष्टांचे गोडवे मात्र गाऊ नयेत. दिवसभर चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बायकांच्या कंबरा त्या कामानेच गेल्या आहेत. आपल्याला हवी ती हालचाल. तो पिळवटणारा रगाडा कोणालाच परत नको.

चालायला लागण्याआधी पायांबद्दल एक सावधगिरी. नेरे परिसरातच कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. कुष्ठरोगात पायाची संवेदना जाते, जुन्या मधुमेहातही जाते. तळव्याला खडा टोचलेला कळत नाही आणि जखम चिघळते. अशा माणसाने जरूर चालावं, पण मऊ, बंद पादत्राणं घालून, आणि रोज रात्री तळवे उजेडात पाहून.

बाकीच्यांनी सुरुवात जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालण्याने करावी, कारण साखर चढते ती तेव्हाच. गेटवर बसणाऱ्याने दर अर्ध्या तासाला आवाराची एक फेरी मारावी. रिक्षावाल्याने स्टँडवर नंबर येईपर्यंत खाली उतरून उभं राहावं, चार पावलं टाकावीत. लोकलमध्ये बसायला मिळालं तरी शेवटची काही स्टेशनं उभ्याने काढावीत.

आणि एक मागणी गावाने मिळून करायची आहे. नगररचना योजनांत रस्ते आखले जातात तेव्हा सलग पदपथ, सावलीची झाडं आणि शाळेला मैदान नकाशात आहे की नाही, ते ग्रामसभेत विचारा. एकदा इमारती उभ्या राहिल्या की चालण्यासाठी जागा मागून मिळत नाही.