आजोबांची पॉइंट टू टू की नवी रायफल? नेम दोघींचा चांगला, पण नळी आणि कागद आधी तपासा

पॉइंट टू टू म्हटलं की एनसीसी केलेल्यांना फायरिंग रेंज आठवते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं, तो प्रकारही याच बोअरचा. काही जुन्या घरांत आजोबा-पणजोबांच्या काळातली अशी रायफल आजही परवान्यावर सांभाळलेली आहे. ती वापरण्याजोगी आहे का, नव्या रायफलीत वेगळं काय आणि आजोबांनंतर ती घरात ठेवता येते का, हे प्रश्न नेहमी पडतात.

गोळी तीच, १८८७ पासून

या रायफलीचं काडतूस 'रिमफायर' असतं. मोठ्या काडतुसाला मधोमध टोपी असते. इथे मात्र पेट घेणारा मसाला पितळी केसच्या कडेत भरलेला असतो आणि पिन त्या कडेवर आपटते. आज सर्रास मिळणारं 'लाँग रायफल' काडतूस १८८७ मध्ये अमेरिकेत आलं, ते आजही चालू आहे. म्हणून ६०-७० वर्षांपूर्वीची रायफल आजची गोळी घेते.

पण सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. साधी गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने जाते, तर 'हाय व्हेलॉसिटी' गोळी ३८० च्या आसपास. फार जुन्या किंवा झिजलेल्या रायफलीत जास्त वेगाची गोळी घालू नये. रिमफायरची केस पातळ असते. बोल्ट ढिला झाला असेल तर कड फुटून गरम वायू मागे, थेट डोळ्यांकडे येऊ शकतो.

जुनी आणि नवी: फरक कुठे?

*लाकूड-लोखंड:* जुन्या ब्रनो किंवा बीएसए रायफलींना अक्रोडाचा दस्ता आणि भरीव पोलादी काम. नव्या रायफलींत दस्ता प्लास्टिकचाही असतो. तो पावसाळ्यात फुगत नाही.

*नेम:* जुन्या रायफलीला बहुधा साधी माशी असते. नवीला दुर्बीण बसवायची सोय आणि घोड्याचा दाब कमी-जास्त करायची सोय बहुतेक वेळा तयारच मिळते. मात्र जुनीची नळी स्वच्छ असेल तर ५० मीटरवर ती नवीला सहज टक्कर देते.

*सेफ्टी:* इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या. काही जुन्या चेक बनावटीच्या रायफलींची सेफ्टी आजच्या रायफलींच्या उलट दिशेने चालते. नवीच्या सवयीने जुनी हातात घेतली की 'बंद' समजून 'चालू' होऊ शकते. म्हणून सेफ्टीवर विसंबू नका. बोल्ट उघडा, मॅगझिन काढा, आत गोळी नाही हे डोळ्यांनी बघा.

*गंज:* सुमारे १९३० च्या आधीच्या बऱ्याच काडतुसांत क्षार सोडणारा मसाला असे. त्याने कित्येक जुन्या नळ्या आतून खाल्ल्या गेल्या. नळीत खड्डे दिसले तर परवानाधारक कारागिराला दाखवल्याशिवाय बार काढू नका. रिकाम्या रायफलीचा घोडाही उगाच ओढू नका. पिन नळीच्या तोंडावर आपटून ती दबते.

ट्रंकेत सापडलेली हिरवट पडलेली काडतुसं वापरू नका, पोलीस ठाण्यात जमा करा. गोळी उडाली नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबा. आणि 'छोटी गोळी' म्हणून गाफील राहू नका. ती दीड किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते.

रायफल वारशाने मिळते, परवाना नाही

परवानाधारक वारल्यावर 'घरचीच आहे' म्हणून रायफल कपाटात ठेवणं हा शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा ठरू शकतो. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. मग वारसाने स्वतःच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करावा. इतर वारसांची ना-हरकत आधीच जमवलेली बरी.

आजोबा हयात असतानाही सोय आहे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असेल, तर यापैकी जे आधी होईल तेव्हा वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. भाऊबंदकीत अडकण्यापेक्षा हे केलेलं बरं.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त २ शस्त्रं ठेवता येतात, वारशाची धरूनसुद्धा. परवान्याची मुदत ३ ऐवजी ५ वर्षं झाली आहे. पॉलिश करताना शस्त्रावरचा नंबर घासला जाऊ देऊ नका आणि नळी कापून आखूड करू नका. दोन्ही गुन्हे आहेत. परवाना म्हणजे शिकारीची मुभाही नव्हे, त्यासाठी वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ वेगळा लागू आहे.

मग जुनी ठेवावी का?

नळी साफ, बोल्ट घट्ट आणि कागद नावावर असतील तर जरूर ठेवावी. पावसाळ्यात कापडी किंवा चामडी खोळीत गुंडाळून ठेवू नका, ओल धरते. तेलाचा हलका हात फिरवा आणि रायफल व गोळ्या वेगवेगळ्या कुलपात ठेवा. यातलं एकही नीट नसेल तर आधी जमा करा, आठवण म्हणून फोटो पुरतो.